डावीकडची बरगडी

नाताळाची चांदणी दारावर बांधताना शांतवन आबा स्टुलावरून घसरले आणि चांदणीवरच पडले. छाती दुखायला लागली म्हणून बायको रिबेकाबाई त्यांना राहुरीला दवाखान्यात घेऊन गेल्या. एक्स-रे काढायच्या आधीच आबांनी डॉक्टरीणबाईंना बजावलं, "डाव्या अंगाला एक बरगडी कमी दिसंल. घाबरू नका. देवानं आदामाची काढून हव्वा केली, तशी माझी काढून ही केलीय."

बेचाळीस वर्षांच्या संसारात प्रत्येक भांडण आबा याच बरगडीवर आणून संपवत आले होते.

डॉक्टरीणबाईंनी फिल्म उजेडात धरली. "आबा, एका बरगडीला बारीक क्रॅक आहे. पण आहेत सगळ्या. इकडे बारा, तिकडे बारा."

"परत मोजा."

त्यांनी बोट ठेवून परत मोजल्या. बाराच भरल्या. आबांनी मान वळवून बायकोकडे संशयानं पाहिलं. "मंग तू कुनाची गं?"

"ते मागनं बघू. माझ्यापायी तुमचं काय बी गेलेलं न्हाई, हे आधी गावाला कळू द्या," म्हणत रिबेकाबाईंनी फिल्म काखोटीला मारली.

चांदणीचा चेंदामेंदा झाला होता, पण आतला बल्ब शाबूत होता. त्या नाताळात आबांच्या दारात बल्बापुढं एक्स-रे लटकत होता, आणि गाणी म्हणायला येणारी मंडळी आधी बरगड्या मोजत, मग पेटीवर सूर धरत.