कार्डाचं दुसरं पान

"साहेब, तुम्ही मुलं मोजलीच नाहीत. झेरॉक्स मोजल्यात," यशोधरा म्हणाली.

साहेब आरोग्य खात्यातून आले होते. नेमक्या कुठल्या कचेरीतून, ते त्यांनी सांगितलं नाही. अशी माणसं 'वरून' येतात, खालच्यांना तेवढं पुरतं. मुख्याध्यापिका माधवी मॅडमनी त्यांना स्वतःची खुर्ची दिली होती आणि आपण बाजूला उभ्या होत्या.

यशोधरा मात्र बसून होती. उभं राहायचं त्राण नव्हतं. तिच्या पहिली ब मध्ये बावन्न मुलं, तीन आठवड्यांत त्यातली सतरा खोकत घरी गेली होती. एकदा खोकायला लागलं की पोराला श्वास घ्यायची उसंत नाही, तोंड लालचं जांभळं, शेवटी आत ओढलेल्या श्वासाची शिटी आणि मग भडाभडा उलटी. फिनेल टाकून टाकून तिच्या ओढणीला त्याचाच वास लागला होता. तिला आता रागही दमूनच येत होता.

"मॅडम, कार्ड आहे म्हणजे लस आहे," साहेब म्हणाले. "बावन्न मुलं, बावन्न कार्डं. शंभर टक्के. इथे सही करा."

"ह्या पानावर नाव आणि जन्मतारीख आहे. डोस दुसऱ्या पानावर असतात."

"मग दुसरं पान कुठाय?"

दुसरं पान यशोधरानेच नको म्हटलं होतं. जूनमध्ये प्रवेशाच्या टेबलावर तीच बसली होती. कोणी पूर्ण कार्डाची झेरॉक्स आणली की तीच म्हणायची, "अहो, एवढं कशाला? जन्मतारखेचं पान द्या फक्त, फाइल फुगते." बावन्न घरांना तिने हे स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं.

"माझी चूक आहे," ती म्हणाली. "म्हणून परवा पालकांच्या ग्रुपवर दुसऱ्या पानाचे फोटो मागवले. एकोणीस आले. त्यातल्या पंधरांत पाच वर्षांच्या डोसची चौकट कोरी आहे. दवाखान्यात गेलं तर म्हणतात शाळेत देतील. शाळेत आलं तर आम्ही म्हणतो दवाखान्यात जा."

"बाकीचे फोटो?"

"मेसेज डिलीट झाला."

माधवी मॅडमनी पदर सावरला. "पॅनिक होत होतं हो ग्रुपवर. सोनिवलीच्या टॉवरमधले पालक लगेच दुसरी शाळा बघायला लागतात."

बनूबाई चहा घेऊन आल्या. वीस वर्षं शाळेत मावशी म्हणून राबलेल्या, त्यांना कोणाची भीड नव्हती. "फाटकाबाहेर गाढवीणवाला आलाय, मॅडम. काल एक आणलेली, आज दोन आणल्यात. खोकल्यावर चमचाभर दूध पाजतोय पोरांना, बायांची लाइन लागलीय." त्यांनी कप साहेबांपुढे ठेवला. "गाढविणीला बरोबर कळलं बघा कुठे यायचं ते. लसवाल्यांनाच पत्ता सापडत नाय."

माधवी मॅडमनी डोळे वटारले. साहेबांनी चहा घेतला.

"हे बघा मॅडम," ते आवाज खाली आणून म्हणाले, "आकडा वर गेलाय आधीच. शंभर टक्केच गेलाय. आता मी पंधरा कोरे दाखवले तर मला विचारणार, तुम्हाला विचारणार. उगाच डोक्याला ताप. साधा खोकला आहे, सीझन बदलतोय. करा सही, सोमवारपासून सगळं नेहमीसारखं."

"आणि लसीचा कॅम्प?"

"शंभर टक्के असताना कॅम्प कशाला लावणार?"

"म्हणजे सही केली की लस नाही."

"तुम्ही फार ताणताय."

माधवी मॅडमनी पेन उचलून यशोधराच्या हातात दिलं. "कर गं. अजून तू पर्मनंट नाहीस." हे त्या धमकी म्हणून बोलल्या नाहीत. त्याही थकलेल्या होत्या. एवढ्या वर्षांत कितीतरी कागदांवर त्यांनी अशाच सह्या केल्या होत्या, आणि आभाळ काही कोसळलं नव्हतं.

यशोधराने पेन धरलं. फॉर्मवर तिचं नाव आधीच टाइप केलेलं होतं. एका रेघेचं काम.

टेबलावरचा तिचा फोन वाजला. तेजस्वीचे पप्पा. तेजस्वी तिच्याच वर्गातली, दहा दिवसांपासून खोकणारी. बाप प्रमोद, अंबरनाथला कंपनीत. महिन्याभरापूर्वी मुलगा झाला म्हणून त्याने वर्गभर पेढे वाटले होते. यशोधराने फोन उचलला आणि काय वाटलं कोण जाणे, स्पीकरवर टाकला.

"मॅडम, उल्हासनगरला आहे मी, हॉस्पिटलमध्ये. बाळाला आणलंय. खोकत पण नाय हो तो, नुसता श्वासच थांबतो मधीमधी. निळा पडतो."

साहेबांनी हातातला कप टेबलावर ठेवला.

"डॉक्टर विचारतात घरात कोणाला डांग्या खोकला आहे का. मी बोललो, मुलगी खोकते, पण शाळेच्या नोटिशीत साधा खोकला लिहिलंय. शाळा बुडवू नका, असं पण लिहिलं होतं. म्हणून आम्ही तिला वेगळी नाय झोपवली. बाळाजवळच झोपायची ती, हौस तिला."

यशोधराने फोन टेबलावरून सरकवत साहेबांच्या चहाच्या कपापाशी नेऊन ठेवला.

"तुम्हाला विचारतायत," ती म्हणाली.

साहेब फोनकडे बघत राहिले. माधवी मॅडम खिडकीकडे.

"हॅलो? मॅडम, आवाज येतोय का? डॉक्टर उभे आहेत इथे, त्यांना आत्ता औषध ठरवायचंय. डांग्या आहे की नाही? हो की नाही, एवढंच सांगा. हॅलो? कोण आहे का तिकडे? बोला ना."