दादाच्या हातचा कागद

ट्रंकेच्या तळाशी तो एकच कागद निघाला, वडिलांच्या हातचा. क्रांतीने तो उभ्यानेच वाचला आणि टेबलावर पालथा घातला.

चार वाजता सांगलीत त्यांची, जोतीराम वकिलांची, स्मृतिसभा होती. संयोजकांना काचेच्या पेटीत ठेवायला त्यांच्या हस्ताक्षरातलं एक पान हवं होतं. चष्मा मिळाला, काळा कोट मिळाला. राज्यघटनेतल्या समानतेच्या हक्कावर त्यांनी लिहिलेला जाडजूड ग्रंथ तर होताच. पान तेवढं मिळत नव्हतं. अक्षराची लाज वाटायची म्हणून त्यांनी आयुष्यभर टाइप केलं, वाण्याची यादीसुद्धा.

"काय घावलं गं?" कॉटवरून अंजनाआत्याने विचारलं. भावाच्या सभेसाठी ती सकाळच्या एसटीने पलूसहून आली होती.

"काही नाही, आत्या. जुना कागद."

आत्या गुडघ्यावर हात ठेवत उठली, टेबलापाशी आली आणि तिने कागद उलटला. "दादाचं अक्षार! कोंबडीनं उकिरडा उकरल्यावानी. मास्तरानं दोन छड्या मोडल्या त्याच्यावर, पर सरळ म्हणून झालं न्हाई." पदर तोंडाला लावून ती हसली. "वाच की. काय म्हंतोय?"

आत्याला वाचता येत नव्हतं. क्रांती काहीही वाचू शकली असती. कुणाला कळलं नसतं. पण काटा जिथे थांबला तोच आकडा वहीत लिहायचा, हे ती प्रयोगशाळेत तीस वर्षं मुलांना बजावत आली होती. ती खुर्चीवर बसली.

"मी, अंजना भ्रतार केरबा पवार, राहणार पलूस, लिहून देते की, उंब्रज येथील वडिलोपार्जित जमिनीतील माझा हक्क व हिस्सा मी माझे बंधू जोतीराम यांच्या लाभात, माझ्या राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, कायमचा सोडून देत आहे."

खाली तारीख होती, १९७९. हक्कसोडपत्राचा कच्चा मसुदा. उंब्रजची जमीन विकून सांगलीत हे घर बांधलं, हे क्रांतीला लहानपणापासून माहीत होतं. त्यासाठी कुणाकुणाचे अंगठे लागले, हे तिने कधी विचारलं नव्हतं.

"थांबलीस का? सपलं?"

"एक ओळ आहे." क्रांतीचा आवाज खाली आला. "सदरचा लेख मला वाचून दाखवला असून तो मला समजला व मान्य आहे."

आत्याने मान हलवली. "आज दावलास बाई वाचून."

"म्हणजे तेव्हा..."

"तवा कुठलं? कचेरीत ही गर्दी. म्हनला, अंजे, लाव अंगठा, तुझी येष्टी चुकंल. लावला." तिने जरा आठवून पाहिलं. "येष्टी घावली मातर."

क्रांती खुर्चीवरून उठली. "आत्या, आज सभेत सगळे त्यांच्या ग्रंथावर बोलतील. समानतेवर. तुला काही सांगायचं असेल, तर मी तुझ्याशेजारी उभी राहीन."

"कुनाला सांगू? ज्याला सांगायचं, त्यो गेला." आत्याने कागद हातात घेतला, लांब धरला, मग जवळ आणला. "ह्यात माझं नाव कुठंशी हाय?"

क्रांतीने दाखवलं. आत्याने त्या तीन अक्षरांवरून बोट फिरवलं. ती तिरकी होती, एकमेकांवर रेलल्यासारखी.

"दर साली राखी धाडायची मी. उत्तर यायचं, न्हाई असं न्हाई. पर सगळं टाइपात. वर नाव बी टाइपात." बोट अजून तिथेच होतं. "त्याच्या हातनं माझं नाव लिवल्यालं येवढंच असंल."

खाली गाडीचा हॉर्न वाजला. वडिलांचा ज्युनियर मुकुल जिना चढून दारात आला. "ताई, निघायचं ना? हस्ताक्षराचं पान सापडलं का? पेटीत मधोमध जागा ठेवलीय."

"सापडलं," क्रांती म्हणाली. "पण ते आत्याचं आहे."

आत्याने कागदाची घडी घातली, मग आणखी एक. कमरेची पिशवी सोडून तिने प्लास्टिकचं पाकीट काढलं. एसटीत कंडक्टरला दाखवायचं आधार कार्ड तिने त्यात जपून ठेवलं होतं. घडी त्यात मावेना. तिने पुन्हा एकदा ढकलून पाहिली.

मग आधार कार्ड काढून तिने टेबलावर ठेवलं, आणि कागद आत सरकवला.