एका परातीत

इसहाक मास्तरांनी चिमीला टेबलावर धरून ठेवलं होतं. मांजरीच्या हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या पडल्या होत्या. पुण्याहून आलेला अहवाल डॉक्टरांनी दोनदा वाचला.

"हिच्या हाडातल्या मज्जेत रक्तच तयार होत नाहीये. मांजरांच्या ल्युकेमियाचा विषाणू आहे."

लिडियाबाई घाबरून मागे सरकल्या. "माणसाला लागतो का हो? नात हिला कुशीत घेऊन झोपते!"

"नाही. फक्त मांजराकडून मांजराला, लाळेतून. एकमेकांना चाटलं, एका भांड्यात खाल्लं, तरी पुरतं."

"प्रभूची कृपा!" बाईंचा जीव भांड्यात पडला.

"घरात आणखी मांजरं आहेत?"

"घरात ही एकटीच. पण आमच्या ह्यांना मुक्या जिवांचा भारी लळा. रोज सकाळी दूध-भाकरी कुस्करून परात ओट्यावर ठेवतात, की अख्ख्या कोल्हारातली मांजरं हजर! बारा तरी असतील."

डॉक्टर मास्तरांकडे पाहत राहिले. मास्तरांनी मान खाली घातली.

"लिडिया, पुरे."

"अहो, लाजता काय? पुण्याचंच काम आहे," असं म्हणून बाई कौतुकाने डॉक्टरांकडे वळल्या. "आणि त्यातल्या भुरीला परवाच चार पिल्लं झालीत."