शंभर वर्षांची शाई

शरणबसवने टेबलावर एक जुना फोटो ठेवला आणि त्याच्या शेजारी आपल्या कारखान्यातली कोरी चादर.

"मामा, वडिलांचा हा फोटो मोठा करून पाहिजे. फ्रेम करून या चादरीत गुंडाळून द्या. खंडेनवमीला सगळ्या कामगारांसमोर मठाचे स्वामी उघडतील. तोवर कुणी बघायचा नाही, आमच्या घरची रीतच आहे तशी."

रेवणप्पाने चष्मा पुसला. पुढच्या खोलीत दोन प्रिंटर मांडून तो लोकांचे फोटो छापून द्यायचा. आजवर शेकडो चेहरे हाताखालून गेले, पण हा चेहरा पाहून त्याचे हात शिवशिवले.

फोटोही खंडेनवमीचाच होता, अकरा वर्षांपूर्वीचा. मागाची पूजा चाललेली, मधोमध मालक. शेजारी आरतीचं ताट धरलेली एक बाई. ज्योत विझू नये म्हणून तिने उजव्या हाताचा आडोसा केला होता. पाचही बोटं स्वच्छ दिसत होती.

"ती बाई तेवढी काढून टाका," शरणबसव म्हणाला. "कोण आहे, देव जाणे."

नेमकी तीच बाई चहा घेऊन बाहेर आली. काशम्मा, रेवणप्पाची बायको. तिने उजव्या हाताने कप पुढे केला, अंगठा आणि उरलेल्या दोन बोटांत धरून. शरणबसवने कप घेतला. हात काही त्याला दिसला नाही. मालक लोकांना कप तेवढा दिसतो.

त्या पूजेनंतर महिन्याभरात मागाच्या दातेरी चाकात तिची दोन बोटं गेली होती. तिने भरपाई मागितली तेव्हा 'ही कामाला आली तेव्हाच थोटी होती,' असं मालकाने चारचौघांत सांगितलं आणि खोटारडी म्हणून तिला गेटबाहेर काढलं. मालकाचा पोरगा शरणबसव तेव्हा पुण्यात शिकत होता. आणि हा फोटो इतकी वर्षं त्यांच्याच कपाटात पडून होता.

"शाई कुठली घालू?" रेवणप्पाने विचारलं. "साध्या शाईला चकचकीत कागद. दिसायला लई झ्याक, पण उन्हात रंग उडतोय. दुसरी शाई भारी, कापसाच्या कागदावर बसती. कंपनीवाले शंभर वर्षं म्हणत्यात."

"शंभर वर्षांचीच घाला की. गेटसमोरच्या भिंतीवर लावायचाय. येणाऱ्या-जाणाऱ्याला वडील दिसले पाहिजेत."

तो गेला. रेवणप्पाने चकचकीत कागदाचं पाकीट ओढलं.

"साधीच घालतो. कुणाला कळतंय? तीन उन्हाळ्यांत ह्याचं तोंड निळं पडंल. उभं ऱ्हाऊ दे भुतावानी गेटवर."

"न्हाई," काशम्मा म्हणाली. "कापसाचा कागद काढा. शाई बी ती भारीच."

"त्या हरामखोरासाठी?"

"त्याच्यासाठी कशाला? मला फोटोतनं काढू नका, म्हंजे झालं."

रेवणप्पाने पाकीट परत ठेवलं आणि जाड, मऊ कागद दुसऱ्या प्रिंटरला लावला.

"पोरगं भांडाय आलं तर?"

"येऊ दे की. फोटो त्यानंच आणलाय, चादर बी त्याचीच हाय."

प्रिंटर सावकाश चालू लागला. आधी मागाचा माथा आला, मग मालकाचं कपाळ, विभूतीचे पट्टे, मग ताट. ज्योतीभोवतीची बोटं एकेक करून कागदावर उतरली. काशम्मा मोजत होती. पाचवं बोट आलं तेव्हा तिला रडू आलं, पण ते सुखाचं होतं असं कुणी समजू नये. अकरा वर्षं जपलेला राग होता तो.

तिने हात पुढे नेला.

"हात लावू नको, शाई ओली हाय," रेवणप्पा म्हणाला.

काशम्माने हात मागे घेतला, डोळे पुसले आणि चादर झटकून जमिनीवर अंथरली.

"शंभर वर्षं म्हणाला न्हवं तुमी?" ती म्हणाली. "बोटं मोजत बसा म्हणावं."