वाकडी करंगळी

थैलीत एकोणीस पांढरे मणी आणि एकच लाल. बाईंनी दरवर्षीप्रमाणे वर्गाला डाव समजावला. वीस जणांनी आळीपाळीने, न बघता एकेक मणी काढायचा, रंग लक्षात ठेवायचा आणि मणी परत थैलीत टाकायचा. जितक्या जणांना लाल येईल, तितके लाल पुढच्या थैलीत. ती पुढची पिढी.

"हा लाल म्हणजे माझे बाबा," बाईंनी उजवी करंगळी दाखवली. हुकासारखी आत वळलेली. "त्यांचीही अशीच होती. भाऊ लग्नाआधीच गेला, मला मूलबाळ नाही. एकटा लाल बहुधा असाच दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत संपतो. दोष कोणाचा नसतो, नुसता योगायोग."

तीस वर्षं त्या हे हसत सांगत आल्या होत्या. आज निवृत्तीआधीचा शेवटचा तास, आणि हसू काही येईना. या करंगळीशिवाय बाबांचं आता काहीच उरलं नव्हतं. तिच्या वळणात दडवलेले दोन लाल मणी त्यांनी थैली हलवताना हळूच आत सोडले. नशिबाला जरा टेकू दिला तर कुठे बिघडलं?

"लाल आलेल्यांनी हात वर करा."

चार हात वर झाले. पुढच्या थैलीला नऊ. मग चौदा.

"मॅडम, तुमचे बाबा भलतेच चिवट निघाले," मागच्या बाकावरचा उंच मुलगा म्हणाला. वर्ग हसला. बाईही हसल्या, फार दिवसांनी, अगदी मनापासून.

त्याच्या वर केलेल्या हाताची करंगळी जराशी वाकडी दिसली. खेळताना दुखावली असेल, असं म्हणून बाईंनी पुढची थैली भरली.

"लाल?"

वीसच्या वीस हात वर. आता कोणी हसत नव्हतं. वीस करंगळ्या, सगळ्या आत वळलेल्या.

"मॅडम, पांढरा एकही उरला नाही," पहिल्या बाकावरची चष्मेवाली म्हणाली. "आता पुढे काय होतं?"

"पुढे काहीच बदलत नाही," बाई म्हणाल्या. धडा तिथेच संपत होता.

त्यांना भीती वाटली. डाव मोडायला हवा. टेबलावरचा एक पांढरा मणी उचलून त्यांनी मघासारखाच करंगळीत दडवला आणि हात थैलीकडे नेला. मणी राहिला नाही. फरशीवर टपटपत बाकांखाली गेला.

बाईंनी हात उघडून पाहिला. करंगळी सरळ होती.

"मॅडम," चष्मेवालीने हळूच विचारलं, "तुमच्या बोटाला काय झालं?"