वारुळाचा वळसा

येम गुरुजींचं पेन नकाशावरच्या स्वयंपाकघराच्या मागच्या कोपऱ्याशी गेलं, तेव्हा थावीने श्वास रोखला.

कागद अर्धा भरला होता. राजधानीहून आलेल्या दारिथने सकाळीच काम समजावून दिलं होतं. शिक्षकांच्या प्रत्येक गटाने आपल्या गावाचा पोल पोटच्या राजवटीतला नकाशा काढायचा, कारण या वर्षापासून तो धडा दहावीला शिकवायचा होता. शिक्षणाधिकारी विहाराच्या या सभागृहात मागे खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी सुरुवातीलाच बजावलं होतं की जागा दाखवा, माणसांची नावं घेऊ नका. उद्या सगळ्यांना एकाच बाजारात मासळी घ्यायची आहे.

थावीने कालवा काढला, सगळ्या गावाला जिथे पेज मिळायची ते स्वयंपाकघर काढलं. बुनलेंगचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, म्हणून त्याच्याकडे झाडं आली होती. दोन ताड काढून झाल्यावर त्याने येम गुरुजींना डिवचलं. "गुरुजी, कागद आम्ही भरायचा आणि प्रमाणपत्र तुम्ही न्यायचं, असं ठरलंय का?"

गुरुजी हसले आणि त्यांनी पेन घेतलं.

त्यांची रेघ कोपऱ्यापासून निघाली, दोन ताडांमधून गेली, पुढे कशाला तरी वळसा घालून पुन्हा सरळ झाली. हात कुठेही अडखळला नाही. कागदाच्या कडेशी येऊन तो थांबला, आणि मग आपण काय काढलं ते गुरुजींनी पाहिलं.

थावी त्या कोपऱ्यापर्यंतच गेली होती, सहा वर्षांची असताना. संध्याकाळी संघटनेची माणसं आली. त्या काळी सत्तेला दुसरं नाव नव्हतं. आईला शिकायला नेतो, असं त्यांनी सांगितलं. बैलगाडी कोपऱ्यावरून वळली. पलीकडे जायची मुलांना बंदी होती, आणि मोठं जे कुणी गेलं ते परत आलं नाही. मग जंगल तुटलं, साबुकंदाची शेतं झाली, वाट नांगराखाली गेली. दरवर्षी पितरांच्या पंधरवड्यात थावी पहाटेच्या अंधारात विहाराभोवती भाताचे गोळे टाकायची. आई कोणत्या बाजूने येत असेल ते ठाऊक नव्हतं, म्हणून चारी दिशांना टाकायची.

गुरुजींनाही तिने त्या वाटेबद्दल विचारलं होतं. शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा ते जेमतेम अठरा वर्षांचे होते आणि तिला अक्षरं शिकवत होते. तिकडे मी कधी गेलोच नाही पोरी, असं म्हणाले होते. पुढे तिच्या शाळेतल्या नोकरीसाठी शब्द टाकला तोही त्यांनीच.

"गुरुजी," ती हळू आवाजात म्हणाली, "ही वाट तुम्हाला कुणी दाखवली?"

त्यांनी पेनाला टोपण लावलं. काढलं. पुन्हा लावलं.

तेवढ्यात दारिथने त्यांच्या गटाला पुढे बोलावलं. थावी आणि बुनलेंगने कागद दोन्ही बाजूंनी धरला. दारिथने वाखाणला, जवळ येऊन नीट पाहिला आणि विचारलं की ही रेघ कुठे जाते.

"गुरुजींनी काढलीय," बुनलेंग म्हणाला, "म्हणजे ताडीच्या दुकानालाच जात असणार."

सभागृह हसलं. शिक्षणाधिकाऱ्यांनी मोबाइलमधून डोकं वर काढलं. गुरुजी खाली बघत होते, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, नाव पुकारलं जाण्याची वाट बघणाऱ्या माणसासारखे. त्यांचा नातू थावीच्याच वर्गात शिकत होता. या वाटेने जाऊन जो परत आला त्यालाच ती काढता येईल, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. ते तिच्या जिभेवर आलं होतं. सगळे तिच्याकडे पाहत होते.

"नकाशा पुरा झालेला नाही," ती म्हणाली. "कागद कमी पडला."

जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेले. गुरुजी जागेवरून उठले नाहीत. थावीने दारिथच्या गठ्ठ्यातून कोरा कागद घेतला, आपल्या डब्यातला चिमूटभर भात नकाशाच्या कडेवर चुरडला आणि नवा कागद त्याला जोडून वरून मूठ फिरवली. पेन उघडून गुरुजींपुढे ठेवलं.

"गाडी जिथे थांबायची तिथपर्यंत काढा. नाव कुणाचंच नको. साहेबांनी सांगितलंय."

खालून ताटांचे आवाज येत होते. बुनलेंगने जिन्यावरून हाक मारली, शेवया संपतील म्हणून.

"चौदा वर्षांचा होतो," गुरुजी म्हणाले. "बैल हाकायला बसवलं. मागे वळून बघायचं नाही, एवढंच सांगितलं होतं."

त्यांनी बोट रेघेवरून मागे नेलं आणि वळशावर ठेवलं.

"इथे वारूळ होतं. देव-भूत सगळं संघटनेने बंद केलेलं, म्हणून मी चाक त्याच्यावरूनच घालायचो. तुझी आई पुढे बसली होती, माझ्या पाठीशी. म्हणाली, बाळा, वळसा घाल, आत कुणीतरी राहतं."

त्यांनी पेन उचललं आणि जोडावर टेकवलं. भात अजून ओला होता.

"त्यानंतर दर वेळी घातला."