रक्ताचा कागद

फुलीकाकीला पाड्याबाहेर काढायचं, एवढं जाहीर करायचंच बाकी होतं. पंच चिंचेखाली बसले होते आणि काकी त्यांच्यासमोर मातीत, डोक्यावर पदर ओढून. नंदुरबारच्या दवाखान्यात नर्स असलेली सोनम प्रकाशा गावच्या फाट्यावर एसटीतून उतरली आणि घरी न जाता तडक तिथेच आली.

काकी म्हणजे सोनमच्या काकाची विधवा. ती लग्न होऊन आल्यापासून घरातल्या तीन बाया छातीच्या गाठीने गेल्या. दोन आत्या, आणि गेल्या महिन्यात सोनमची थोरली बहीण. म्हणून काकी डाकीण. इतकं सोपं. सोनमच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

तिने दवाखान्यातल्या रक्ततपासणीचा कागद ईश्वर पंचापुढे ठेवला.

"काकीना काय दोस नही. हाई आम्हना रगतमा शे."

मग तिने समजेल असं सांगितलं. शरीर रोज नव्या पेशी घडवतं, जुनीवरून नवी उतरवून घेतं. उतरवताना चुका होतातच. त्या पकडायला प्रत्येक पेशीत दोन राखणदार असतात, एक आईकडून आलेला, एक बापाकडून. तिच्या बापाच्या घराण्यात काहींचा एक राखणदार जन्मतःच आंधळा. दुसरा डोळस आहे तोवर निभावतं. तोही गेला, की चुकीवर चूक साचत जाते आणि गाठ धरते. काकी तर दुसऱ्या घराण्याची लेक. तिच्या रक्ताचा इथे संबंधच कुठे येतो?

ईश्वरने कागद उचलून उलटसुलट पाहिला. "हाऊ कागद कोना शे?"

"मन्हा." सोनम म्हणाली. "माले आजून गाठ नही. पन बिघाड मन्हा रगतमा शे. दर सहा महिनाले तपासनी करसू."

कुणीतरी आपलं लेकरू मागे ओढलं. सोनमचा बाप जामसिंग मान खाली घालून बसला.

"म्हंजे डाकीन आते हिन्हा अंगमा शिरनी," मागून एक जण म्हणाला. "मंग हिलेबी काढा."

सोनम जागची हलली नाही. तिलाही काढायचं तर काढोत, काकीला सोडवल्याशिवाय ती जाणार नव्हती.

तेव्हा फुलीकाकी उठली. सकाळपासून तिने तोंड उघडलं नव्हतं. ती पंचांच्या आणि सोनमच्या मध्ये येऊन, सोनमला पाठीमागे घेऊन उभी राहिली.

"पोर खोटं बोली ऱ्हायनी," ती म्हणाली. "डाकीन मीच शे."